जरा कमी करून दे

धोपाव्याहून फेरीबोटीत चढले
तेव्हा चार जीबीची रॅम डब्यात होती,
चपात्यांच्या वरच्या खणात, चंदेरी पिशवीत,
कारण खांद्यावरच्या पिशवीत खारं वारं शिरतं
आणि या पट्ट्यांना ते सोसत नाही.

गाड्या लावणारा पोरगा हातानेच बोलतो:
ये, ये, अजून, बस.
एक टेम्पो, तीन जीप, सात मोटारसायकली.
आठवी आली की नुसती मान हलवतो,
ती धक्क्यावर राहते, इंजिन चालू ठेवून.
हमीदाबींना फोनवर मी हेच सांगितलं होतं:
मशीन तुमचं बिघडलेलं नाही हो,
भरलंय.

दाभोळात, शुक्रवारी, जुम्म्यानंतर, अकरा खिडक्या.
कुवेतच्या दोन, सलालाची एक,
केपटाऊनचा नातू, जो फोन कायम उलटा धरतो,
मुंब्र्याची लेक, तिच्या जावा, बाकीचे.
सहा चेहऱ्यांपर्यंत ठीक.
सातव्याला पंखा घरघरतो,
आठव्याला होडीच्या मशीनसारखा धडधडतो,
नवव्याला आवाज पुढे आणि ओठ मागे,
दहावा आला की सगळे जागच्या जागी थिजतात,
कुणाचा घास अर्ध्यावर, कुणाचे डोळे अर्धे मिटलेले,
आणि हमीदाबी म्हणतात, "झाले फोटो."

सीपीयू खोलला.
मुंग्यांनी आणलेली वाळू, पालीचं रिकामं अंडं,
पात्यांवर मिठाचा पापुद्रा,
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुना झालेली.
स्लॉटमधली जुनी पट्टी काढून
खोडरबराने तिचे दात घासले,
पिवळे होईपर्यंत.
"एका माणसाला किती लागतं गं यात?"
माणसाला नाही, मी म्हटलं, त्याच्या हलण्याला.
गप्प बसलेला माणूस स्वस्त पडतो.
मागे पोर नाचत असेल, माडाची झावळी हलत असेल,
तर ते सगळं पुन्हा पुन्हा मोजावं लागतं,
तेही अकरा ठिकाणचं, एकाच वेळी.
"मग आमचा दाऊद महाग," त्या हसल्या.
"एका जागी बसेल तर शप्पथ."

नवी पट्टी बसली, दोन्ही कान खट्‌कन लागले.
अकरा खिडक्या उघडल्या. पंखा आपला हळू.
इतकं स्वच्छ, की मुंब्र्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर
कुठल्या महिन्यात अडकलंय तेही कळावं.
सगळे एकदम बोलत होते, कुणी थिजलं नाही.
फक्त कुवेतच्या थोरल्या खिडकीत
दाऊद हलत नव्हता.
मी आधी केबल तपासली.
मग त्याची पापणी लवली.

कॉलरमध्ये दोन बोटं मावतील एवढा गळा.
मागे भिंत नव्हे, कड्यांवर सरकणारा हिरवा पडदा.
कपाळ पुसायला हात एकदाच वर आला,
मनगटाला प्लास्टिकची पट्टी होती.
"आज सुट्टी ना रे?"
"नाय, ड्युटी आहे."
हमीदाबींनी चष्मा काढला, पदराने पुसला,
परत लावला नाही.

बिल मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं.
पट्टी चौदाशे, साफसफाई तीनशे.
"जरा कमी करून दे."
तीनशे खोडून मी अडीचशे केले.
"ते नव्हे, बाय."
त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं.
"हे."

सेटिंगमध्ये जाऊन चित्र उतरवलं,
एक पायरी, मग अजून एक.
दाढीचा धूर झाला,
हिरवा पडदा कुणाच्याही घरचा झाला.
"हां. एवढं पुरे."
एवढ्यावर जुनी पट्टीसुद्धा चालली असती.
मी बोलले नाही.
पैसे परत द्यावेत का,
ते चारच्या बोटीपर्यंत ठरेना.

रिकाम्या डब्यात आता ती जुनी पट्टी,
टाकून दे म्हणून त्यांनीच दिलेली.
खाडीच्या मधोमध उगाच वाटलं,
शुक्रवारचे सगळे थिजलेले घास हिच्यात असतील.
पण हिच्यात काही राहत नाही, वीज गेली की.
आयटीआयला पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे.